कोंढाण्यावरची कमळ कुठून आली?

ऐतिहासिक चित्रपट पाहून बाहेर पडलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, ‘हे खरंच असं घडलं होतं का?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधी विचारावा असा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. तो म्हणजे, ‘पडद्यावर आपण जे पाहिलं, ते मुळात कोणी लिहिलं होतं?’ ढाल-तलवारीचे, कडे चढण्याचे, कैदेतून सुटण्याचे जे थरारक चित्रपट जगभर निघाले, त्यांतले कितीतरी इतिहासाच्या पुस्तकांतून आलेले नाहीत. ते कादंबऱ्यांमधून आले. आपल्या मराठी मुलखातही तसंच घडलं. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

मी राहतो आंबीला. तळेगाव दाभाड्याच्या शेजारचं, मावळ तालुक्यातलं हे गाव. एमआयडीसीमुळे आता बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं आहे. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही मुलांना घेऊन गडावर जायची सवय सुटलेली नाही. २०२० च्या जानेवारीत ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट आला. त्यानंतर मुलांची एक सहल घेऊन सिंहगडावर गेलो होतो. कल्याण दरवाजातून आत आल्यावर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘‘सर, कमळला कोंडून ठेवलं होतं ती जागा कुठली?’’ मी म्हटलं, ‘‘बाळ, ती जागा गडावर नाही, पुस्तकात आहे.’’ तिनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, ‘‘मग पुस्तकात तिला कोणी कोंडलं?’’

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी साडेतीनशे वर्षं मागं जावं लागतं.

कोंढाण्याची लढाई झाली ती ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांना जे तेवीस किल्ले दिले, त्यांत कोंढाणा होता. आमच्या मावळातले लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोनाही त्याच तहात गेले. १६७० साली ते परत घ्यायला सुरुवात झाली. कोंढाण्याच्या लढाईची जुनी हकीकत आपल्याला कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत मिळते. ही बखर महाराजांच्या निधनानंतर पंधरा-सतरा वर्षांनी, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. सभासद या लढाईला फार जागा देत नाही. तानाजी मालुसरे यांनी गड घेण्याचं कबूल केलं, ते पाचशे माणसं घेऊन गडाखाली गेले. दोन चांगले मर्दाने मावळे निवडून त्यांना रात्री कड्यावरून वर चढवलं. ते माकडासारखे कडा चढून गेले. त्यांनी वरून माळ लावली आणि त्या माळेवरून तानाजीसह तीनशे माणूस वर आलं. किल्लेदार उदेभान रजपूत आणि तानाजी समोरासमोर लढले आणि दोघंही पडले. मग तानाजीचा भाऊ सूर्याजी यानं लोक सावरले आणि गड घेतला. गड आल्याची खूण म्हणून पागेचे खण पेटवले. तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. दुसऱ्या दिवशी बातमी आली तेव्हा एक गड मिळाला पण एक गेला, अशा अर्थाचे उद्गार महाराजांनी काढले, असं सभासद सांगतो.

एवढंच. यात घोरपड नाही, रायबाचं लग्न नाही, ऐंशी वर्षांचा शेलारमामा नाही. आणि कमळ तर नाहीच. ‘सिंह’ हा शब्दही नाही. गडाला सिंहगड हे नाव तानाजींमुळे पडलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण १६६३ सालच्या शिवाजी महाराजांच्या पत्रात सिंहगड हे नाव येतं. म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधीच ते वापरात होतं.

मग बाकीचं कुठून आलं? पहिला हात लागला शाहिरांचा. तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या गायला गेला. १८९१ साली अ‍ॅक्वर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, त्यात तो आला. जिजाऊंनी सोगट्यांच्या डावात कोंढाणा मागणं, मुलाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेल्या तानाजींनी लग्न बाजूला ठेवणं, घोरपडीला दोर बांधून कड्यावर सोडणं, म्हाताऱ्या शेलारमामानं तलवार उपसणं, हे सगळं पोवाड्याचं देणं आहे. पोवाडा रात्रभर माणसं बसवून ठेवण्यासाठी असतो. डफावर थाप पडली की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायला हवा. ते काम शाहिरानं चोख केलं.

दुसरा हात लागला कादंबरीकाराचा, आणि तो होता हरि नारायण आपट्यांचा. हरिभाऊंचा जन्म १८६४ चा. १८९० पासून ते पुण्यात ‘करमणूक’ हे नियतकालिक चालवत होते. त्यांच्या कादंबऱ्या त्यात हप्त्याहप्त्यानं येत. एका आठवड्याचा अंक वाचून झाला की पुढच्या अंकाची वाट पाहत लोक बसायचे. ‘उषःकाल’ची गोडी मराठी वाचकाला लागली ती अशी. तानाजीवरची ‘गड आला पण सिंह गेला’ ही त्यांची कादंबरी १९०३ सालची.

क्रमशः येणाऱ्या कादंबरीचं एक गणित असतं. सभासदाची हकीकत पाच मिनिटांत वाचून होते. ती कित्येक अंक पुरवायची, तर लढाई होण्यापूर्वी वाचकाला लढाईची ओढ लागायला हवी. त्यासाठी खलनायक हवा, आणि तो नुसता शत्रूचा किल्लेदार असून चालत नाही. त्याच्याविषयी मनात चीड यायला हवी. हरिभाऊंनी उदेभानाला ती चीड मिळवून दिली. त्यांनी कमलकुमारी ही रजपूत स्त्री निर्माण केली. पतीच्या मागं सती जायला निघालेल्या या स्त्रीला उदयभानू पळवतो आणि कोंढाण्यावर आणून ठेवतो. तिची सुटका कधी होणार, हा धागा कादंबरीभर चालतो. गड घेण्याला आता आणखी एक कारण मिळालं. राज्यासाठी लढायचं होतंच, त्यात एका असहाय स्त्रीच्या अब्रूचाही प्रश्न आला. आमच्या सातवीतल्या मुलीला हवं असलेलं उत्तर हे आहे. कमळला कोंढाण्यावर कोंडलं ते हरिभाऊंनी, पुण्यात बसून, १९०३ साली.

यात हरिभाऊंना दोष देण्यासारखं काही नाही. जगभरचे मोठे कादंबरीकार हेच करत होते. फ्रान्समधल्या अलेक्झांडर द्यूमाची ‘थ्री मस्केटिअर्स’ पाहा. तीही १८४४ साली पॅरिसच्या एका वृत्तपत्रात क्रमशः आली. तिचा नायक दार्तान्यां हा खरा माणूस. फ्रेंच राजाच्या सेवेतला हा सैनिक १६७३ साली मास्ट्रिख्टच्या वेढ्यात मारला गेला, म्हणजे तानाजींनंतर अवघ्या तीन वर्षांनी. त्याच्या मृत्यूनंतर १७०० साली कुर्टिल नावाच्या लेखकानं त्याच्या नावावर बनावट आठवणी छापल्या. त्या द्यूमाच्या हाती लागल्या आणि त्यांतून त्यानं कादंबरी रचली. कादंबरीतला दार्तान्यां ज्या वर्षांत तलवारी फिरवतो, त्या वर्षांत खरा दार्तान्यां लहान पोर होता. आज जगाला जो माहीत आहे तो द्यूमाचा दार्तान्यां, मास्ट्रिख्टला पडलेला नव्हे. खरा माणूस, मग त्याच्यावरची रचलेली हकीकत, मग कादंबरी आणि शेवटी चित्रपट, ही उतरंड तिकडे आणि इकडे सारखीच आहे.

आता तिसरा हात, पडद्याचा.

१९२० च्या सुमारास अमेरिकेत डग्लस फेअरबँक्स नावाचा नट लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. १९२० साली त्याचा ‘मार्क ऑफ झोरो’ आला. तो एका नियतकालिकातल्या क्रमशः कथेवर बेतलेला होता, आणि ती कथा आदल्याच वर्षी छापून आली होती. १९२१ साली त्यानं ‘थ्री मस्केटिअर्स’ पडद्यावर आणला. झुंबरावरून झोका घेणं, गच्चीवरून घोड्यावर उडी टाकणं, हसत हसत तलवार चालवणं, ही पडद्याची भाषा तिथं तयार झाली. चित्रपट मुका होता, पण तलवारीला बोलावं लागत नाही, ही त्यातली खरी सोय.

नेमक्या त्याच वर्षांत कोल्हापुरात बाबूराव पेंटर काम करत होते. बाबूराव मूळचे चित्रकार आणि नाटकांचे पडदे रंगवणारे. घरच्या घरी खटपट करून त्यांनी कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक मदतीनं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, हे प्रसिद्धच आहे. पौराणिक विषयांकडून ते इतिहासाकडे वळले, आणि १९२३ साली ‘सिंहगड’ पडद्यावर आला. आधार होता हरिभाऊंची कादंबरी. कादंबरीकार मात्र तो पाहायला नव्हते. १९१९ सालीच हरिभाऊंचं निधन झालं होतं.

या ‘सिंहगड’मध्ये शेलारमामाचं काम एका विशीतल्या पोरानं केलं होतं. त्याचं नाव शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. दाढी-मिशा लावून त्या पोरानं ऐंशी वर्षांचा म्हातारा उभा केला. लढाई रात्रीची, तेव्हा उजेडाचा प्रश्न होता. तोवर चित्रीकरण उन्हात, आरसे आणि पांढरे पडदे लावून चालायचं. भारतीय चित्रपटात कृत्रिम दिव्यांच्या वापराचा आरंभ या ‘सिंहगड’पासून सांगितला जातो. चित्रपटाला गर्दी एवढी झाली की ती पाहून मुंबई सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असंही सांगतात. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला तो १९२३ सालीच, एवढं मात्र नक्की.

बाबूरावांनी सभासद न घेता हरिभाऊ का घेतले, याचं उत्तर सोपं आहे. पडद्याला प्रसंग हवे असतात. दोन तासांत पाहणाऱ्याला हसवायचं, रडवायचं आणि शेवटी उभं करायचं, तर नुसती एका रात्रीची चढाई पुरत नाही. कादंबरीत प्रसंग तयार होते, पात्रं तयार होती, आणि वीस वर्षांत ती घराघरात पोचलेली होती. मुक्या चित्रपटात पाट्यांवर फार लिहिता येत नाही. प्रेक्षकाला गोष्ट आधीच माहीत असेल, तर दिग्दर्शकाचं निम्मं काम होऊन जातं. शिवाय कोल्हापुरात तालमी होत्या, घोडे होते, मर्दानी खेळ करणारी माणसं होती, आणि जवळच पन्हाळा होता. फेअरबँक्सला स्टुडिओत जे उभं करावं लागे, त्यातलं बरंचसं कोल्हापूरकरांच्या दाराशी होतं.

याच कंपनीतून आणखी एक माणूस निघाला, मास्टर विठ्ठल. अंगानं लवचीक, तलवारबाजीत आणि उड्या मारण्यात पटाईत. मुंबईला जाऊन शारदा फिल्म कंपनीत तो एवढा गाजला की लोक त्याला ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणू लागले. १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाचा नायक तोच. तो करण्यासाठी त्यानं जुनी कंपनी सोडली तेव्हा करारावरून खटला झाला, आणि त्याची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली. त्याच वर्षी मुंबईत जे. बी. एच. वाडियांनी ‘दिलेर डाकू’ काढला. त्याचं मूळ होतं फेअरबँक्सचा झोरो. म्हणजे एका बाजूला अमेरिकेहून आलेली तलवार आणि दुसऱ्या बाजूला पोवाडा आणि कादंबरीतून आलेली तलवार, दोन्ही एकाच वेळी आपल्या पडद्यावर खणखणत होत्या.

पण त्यांत एक फरक होता. झोरोच्या तलवारीची ब्रिटिश सरकारला फिकीर नव्हती. मावळ्यांच्या तलवारीची होती. १९२९ साली बाबूरावांकडून बाहेर पडून दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णींच्या साथीनं ‘प्रभात’ काढली. १९३० साली त्यांनी शिवरायांच्या सुरुवातीच्या दिवसांवर मूकपट केला आणि नाव ठेवलं ‘स्वराज्याचे तोरण’. ते वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचं. ‘स्वराज्य’ हा शब्द चित्रपटगृहावर झळकलेला सरकारला कसा चालेल? सेन्सॉरनं नाव बदलायला लावलं, शेवटच्या झेंड्याच्या दृश्यालाही कात्री लागली. चित्रपट ‘उदयकाल’ या नावानं आला. त्यात शिवाजी महाराज झाले होते स्वतः शांताराम. त्या काळचा प्रेक्षक किल्ल्यावर चढणारा मावळा पाहताना १६७० साल पाहत नव्हता, तो आपलंच साल पाहत होता. ऐतिहासिक कादंबरीनं १९०३ मध्ये जे काम घराच्या ओटीवर केलं, ते आता अंधाऱ्या थिएटरात हजार माणसांसमोर होत होतं.

१९३३ साली प्रभातनं ‘सिंहगड’ पुन्हा केला, या वेळी बोलपट म्हणून. दिग्दर्शक शांताराम, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे शेलारमामा. आधार पुन्हा हरिभाऊंचा. पुढं भालजी पेंढारकरांनी ही परंपरा चालवली. ‘छत्रपती शिवाजी’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’ हे त्यांचे चित्रपट गावोगाव फिरले. आमच्या भागात जत्रेच्या दिवसांत तंबूतला सिनेमा यायचा. कनात लावलेली असायची, बसायला जमीन. तलवारबाजी सुरू झाली की म्हातारी माणसंसुद्धा गुडघ्यावर उभी राहायची. मध्येच रीळ तुटलं की ओरडा व्हायचा, आणि कोणीतरी जाणता माणूस पुढची गोष्ट सांगायला लागायचा. ती गोष्ट त्यानं पोवाड्यात ऐकलेली असायची, की पुस्तकात वाचलेली, की आधीच्या चित्रपटात पाहिलेली, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मला वाटतं, सगळी मिसळ व्हायची ती तिथं.

मग २०२० साली ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ आला. अजय देवगण तानाजी, सैफ अली खान उदयभान. खर्च, तंत्र, प्रचंड तोफा, सगळं नवीन. पण उदयभानाच्या कैदेत कोण? तर कमळ. तीच विधवा रजपूत राजकन्या. एकशे सतरा वर्षांपूर्वी मराठी वाचकाला पुढच्या अंकापर्यंत बांधून ठेवण्यासाठी जन्मलेलं पात्र हिंदी चित्रपटातून देशभर पोचलं. ‘नागिन’ नावाची अजस्र तोफ नवी आली, ती कादंबरीतही नव्हती. आणखी पन्नास वर्षांनी एखादी मुलगी गडावर जाऊन विचारेल, ‘नागिन तोफ कुठं होती?’

इथं कोणी म्हणेल, मास्तर, करमणूक आहे, एवढं मनावर कशाला घेता? घ्यावं लागतं, याचं कारण २०२५ साली दिसलं. शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या ‘छावा’ कादंबरीवर त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला आणि अफाट चालला. संभाजी महाराजांना पकडून देण्यात गणोजी आणि कान्होजी शिर्के यांचा हात होता, असं त्यात दाखवलं आहे. शिर्के घराण्याच्या वंशजांनी त्यावर आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. आम्ही कादंबरीवरून चित्रपट केला, हा खुलासाही झाला. वाद कोणाच्या बाजूनं सुटावा, हे इतिहासकारांनी कागद पाहून ठरवावं. पण कादंबरीतली एक ओळ वाचनालयाच्या कपाटात असते तेव्हा ती एक गोष्ट असते. तीच पडद्यावर कोट्यवधी लोकांनी पाहिली की आज जिवंत असलेल्या माणसांच्या आडनावाला चिकटते. कमळ कोणाच्या घरची नव्हती, म्हणून तिच्याविषयी कोणी तक्रार केली नाही. प्रत्येक पात्राच्या बाबतीत असं नसतं.

आता आमच्या मावळाविषयी थोडं. कोंढाणा घेतला त्याच मोहिमेत, १६७० च्या मे महिन्यात, लोहगड स्वराज्यात परत आला. मळवली स्टेशनवर उतरलं की समोर दिसतो तो हा लोहगड. आमच्या मुलांपैकी शंभरात एकालाही हे माहीत नसतं. कड्यावर कोण चढलं, दार कोणी उघडलं, कोण पडलं, याचा पोवाडा नाही. पोवाडा नाही म्हणून कादंबरी नाही, आणि कादंबरी नाही म्हणून चित्रपट नाही. गडाची आठवण राहते की पुसते, हे लढाई किती मोठी होती यावर ठरत नाही. तिच्यावर कोणी लिहिलं का, यावर ठरतं. लिहिणाऱ्याच्या हातात केवढी ताकद असते, हे मला लोहगडाच्या पायऱ्या चढताना दर वेळी जाणवतं.

तळेगावात राहून गो. नी. दांडेकरांनी ही ताकद वेगळ्या तऱ्हेनं वापरली. त्यांनी शिवकाळावर कादंबऱ्या लिहिल्याच, पण ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये त्यांनी तुंग किल्ल्याचा हवालदार आजच्या काळात आणला. लढाया संपल्या, राज्यं गेली, आणि गडाखाली राहणाऱ्या माणसाकडं उरलं ते हवालदारकीचं नाव. त्या कादंबरीवर १९६६ साली अनंत ठाकूर यांनी चित्रपट केला. त्याला त्या वर्षीचं उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मला तो तलवारीच्या चित्रपटांचा दुसरा अंक वाटतो. गड घेतल्यानंतर गडाखालच्या माणसाचं काय झालं, हे विचारणारा.

आणि आता पुन्हा सभासदाकडं. त्याच्या हकीकतीतली दोन माणसं मला फार दिवस सतावत आली आहेत. माळ खांद्यावर घेऊन अंधारात, कड्याला चिकटून जे आधी वर गेले, ते दोन मावळे. पाय घसरला असता तर मोहीम तिथंच संपली असती. सभासदानं त्यांची नावं दिलेली नाहीत. पोवाड्यानं त्यांच्या जागी घोरपड आणली, आणि लोकांनी त्या घोरपडीला यशवंती हे नावही ठेवलं. कादंबरीनं कमलकुमारीला नाव, रूप आणि दुःख दिलं. पडद्यानं तिला चेहरा दिला. कडा प्रत्यक्ष चढणाऱ्या त्या दोघांना मात्र तीन शतकांत कोणी नाव दिलं नाही. मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती गप्प होतात. ज्या गावांतून असे मावळे गेले, त्याच गावांतली ती मुलं असतात.

म्हणून चित्रपट पाहू नये का? जरूर पाहावा. शाहीर, कादंबरीकार, बाबूराव पेंटर, शांताराम यांनी ही गोष्ट जिवंत ठेवली नसती, तर सभासदाची बखर पाचपन्नास अभ्यासकांपलीकडं कोणी उघडलीच नसती. त्या सातवीतल्या मुलीला प्रश्न पडला तोही चित्रपटामुळेच. आणि पडदा काही अमर नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. आपले मूकपट बहुतेक नाहीसे झाले. त्यांतले उरले ते थोडेच. २००३ च्या जानेवारीत पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळं जळून गेली. हरिभाऊंची कादंबरी मात्र आजही कुठल्याही बऱ्या वाचनालयात मिळते. बखर तर तिच्याहून जुनी, आणि तीही मिळते. पडद्यावरून सुरुवात केलेल्या माणसाला मागं जायची वाट मोकळी आहे.

ती वाट मी मुलांना अशी दाखवतो. वहीत चार रकाने आखायला सांगतो. पहिला बखरीचा, दुसरा पोवाड्याचा, तिसरा कादंबरीचा, चौथा चित्रपटाचा. मग एकेक गोष्ट घेऊन ती कोणत्या रकान्यात पहिल्यांदा येते ते शोधायचं. उदेभान पहिल्यात, घोरपड आणि शेलारमामा दुसऱ्यात, कमळ तिसऱ्यात, नागिन तोफ चौथ्यात. हे करताना मुलांचा चित्रपटावरचा राग वाढत नाही, उलट मजा वाढते. कोणी काय घातलं आणि कशासाठी घातलं, हे कळायला लागतं. आणि पहिल्या रकान्यात अगदी वर, ‘दोन मावळे’ असं लिहून त्यांच्यापुढं जागा कोरी ठेवायला मी सांगतो. ती भरायची नाही, असंही सांगतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)